धारूरचा किल्ला आणि मुकीं जनावरें

दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत अँडीज पर्वताच्या एका खांद्यावर माचू पिच्चू नांवाचें भग्न नगर आहे. इंका राजानें तें पंधराव्या शतकांत उभारिलें, आणि शंभरएक वर्षांत तें ओस पडलें. हायरम बिंगहॅम या अमेरिकन अध्यापकानें इ. स. १९११ मध्यें तें जगाच्या नजरेस आणिलें. आसपासच्या शेतकऱ्यांस मात्र तें आधींपासून ठाऊक होतें, आणि त्यांनींच त्याला वाट दाखविली. आज तेथें जाऊन आलेला प्रवासी मुख्यतः दोन गोष्टी सांगतो. एक, चुन्यावांचून सांधलेले प्रचंड दगड. आणि दुसरी, त्या दगडांमधून निर्भयपणें चरणारे लामा. लामा हें उंटाच्या कुळांतील, परंतु पाठीवर मदार नसलेलें जनावर आहे. इंका लोकांस घोडा माहीत नव्हता, गाड्याचें चाक ते वापरीत नसत; डोंगरी वाटांनीं त्यांचें धान्य व कापड वाहिलें तें माणसांच्या खांद्यांनीं आणि या लामांच्या पाठींनीं. राजे गेले, पुरोहित गेले. ज्याच्या पाठीवर त्यांच्या राज्याचा भार होता तें जनावर मात्र त्या अवशेषांत आजही चरत आहे.

श्रोतेहो, मला पेरूची यात्रा सांगावयाची नाहीं. ती मी केलेलीही नाहीं. परंतु हें वर्णन वाचतांना मला वारंवार आमच्या बीड जिल्ह्यांतील एका किल्ल्याची आठवण होते. इतिहास शिकवितांना आपण राजांचीं नांवें व लढायांच्या सनावळ्या पाठ करून घेतों. राजाचें सैन्य ज्यांच्या पायांवर चाले त्या घोड्यांचें, बैलांचें व हत्तींचें पोट कशानें भरत असे, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. धारूरचा किल्ला हा प्रश्न विचारावयास लावितो, इतकेंच नव्हे तर त्याचें उत्तरही देतो.

बालाघाटाची रांग बीड जिल्ह्याच्या मध्यावरून पूर्वपश्चिम पसरली आहे. तिच्या उत्तरेस गोदावरीचें सखल, काळ्या मातीचें खोरें. दक्षिणेस मांजरा नदीचा मुलूख. या दोन खोऱ्यांच्या मध्यें डोंगरमाथ्यावर धारूरचें गांव वसलें आहे. किल्ल्यामुळें त्याला किल्ले धारूर असेंच म्हणतात. गांवाकडील एक बाजू सोडली तर किल्ल्याभोंवतीं खोल दऱ्या आहेत. ज्या बाजूस दरी नाहीं तेथें खंदक आणि दुहेरी तट. आंत पाण्याचीं तळीं आहेत. त्यांपैकीं एकास गोडी दिंडी व दुसऱ्यास खारी दिंडी असें लोक म्हणतात. शत्रूला तिन्ही बाजूंनीं दरीनें अडवावें आणि चौथीकडे दगडानें, अशी ही योजना आहे.

हा किल्ला बळकट रूपांत उभा राहिला तो विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाच्या काळांत. इ. स. १५६५ मध्यें तालिकोटच्या रणांगणावर दक्षिणेंतील सुलतान एक झाले होते; परंतु विजयाची लूट वांटून होते न होते तोंच त्यांचीं जुनीं भांडणें पुन्हां उफाळलीं. अलीनें आपला सरदार किश्वरखान यास अहमदनगरच्या मुलखांत पाठविलें, आणि त्यानें इ. स. १५६७ च्या सुमारास धारूरचा किल्ला बांधून निजामशाहीच्या उशालाच ठाणें दिलें. तेव्हां अहमदनगरच्या गादीवर मुर्तझा निजामशहा हा तरुण होता. आई खुंजा हुमायून हिच्या हातून कारभार त्यानें नुकताच आपल्याकडे घेतला होता. तो स्वतः धारूरवर चालून आला. पुढची हकीकत फेरिश्ता या इतिहासकारानें सांगितली आहे. किश्वरखानाचें एक उद्दाम पत्र वाटेंतच मुर्तझाच्या हातीं पडलें. तें वाचतांच संतापून त्यानें शपथ घेतली कीं, किल्ल्यांत प्रवेश केल्यावांचून घोड्यावरून उतरणार नाहीं. सरदारांनीं पुष्कळ समजाविलें, तो ऐकेना. तोफा व बाण यांच्या वर्षावांत तो थेट दरवाज्याकडे निघाला. इतक्यांत किल्ल्यावरील मारा एकाएकीं थांबला. आंत जाऊन पाहतात तों किश्वरखान बाण लागून मरून पडलेला, आणि शिबंदी दुसरीकडून पळून गेलेली! हा प्रसंग इ. स. १५६९ च्या सुमाराचा.

गोष्ट रंगतदार आहे, आणि मुलांना ती फार आवडते. मीही ती अनेकदां सांगितली आहे. एके वर्षीं सहलीस आलेल्या मुलांना तटाखालीं बसवून ती मी सांगितली, तेव्हां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, राजा घोड्यावरून उतरला नाहीं हें खरें, पण त्या घोड्याला वैरण कोणीं घातली?" बाकीचीं मुलें हंसलीं. तो मुलगा हंसला नाहीं. त्याचे आईबाप दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास बैलगाडी जुंपून ऊंसतोडीसाठीं परमुलखांत जात, आणि वाटेंत बैलांची वैरण मिळविणें ही त्यांच्या घरांतली सर्वांत मोठी काळजी असे. त्याच्या दृष्टीनें प्रश्न अगदीं सरळ होता. मलाही पुढें विचार करितां असें दिसून आलें कीं, या किल्ल्याच्या दुसऱ्या व अधिक महत्त्वाच्या लढाईचें मर्म त्या प्रश्नांतच सांठविलेलें आहे.

ती लढाई इ. स. १६३० व ३१ या दोन वर्षांतील आहे. खानजहान लोदी हा मोंगल दरबारांतील मोठा उमराव शहाजहानाशीं बिघाड होऊन इ. स. १६२९ मध्यें आग्र्याहून पळाला, आणि त्यानें निजामशहाचा आश्रय घेतला. त्याचें पारिपत्य व निजामशाहीचा मुलूख हीं दोन्ही साधावीं म्हणून बादशहा स्वतः बऱ्हाणपुरास येऊन राहिला. त्याचा सेनापति आझमखान यानें बीडच्या परिसरांत खानजहानास गांठून त्याचा मोड केला. खानजहान निसटून उत्तरेकडे गेला व पुढें मारला गेला. आझमखान मात्र दक्षिणेंतच राहिला आणि त्यानें धारूरला वेढा दिला. शिवनेरीवर जन्मलेले बाल शिवाजीराजे तेव्हां वर्षाचेही झाले नव्हते.

परंतु त्या सालीं मोंगलांहून मोठा शत्रु दक्षिणेंत उतरला होता. शके १५५२ मध्यें पाऊस पडला नाहीं. गुजराथ आणि दख्खन या दोन्ही प्रांतांत असा दुष्काळ पडला कीं, बादशहाच्या पदरच्या इतिहासकारालाही त्याचें भयंकर वर्णन करणें भाग पडलें. आपल्या तुकोबांच्या घराची वाताहत झाली ती याच दुष्काळांत, असें परंपरा सांगते. अशा दिवसांत किल्ल्याभोंवतीं हजारों घोडे, बैल, उंट व हत्ती घेऊन बसलेल्या सैन्याची काय स्थिति झाली असेल? आमच्या भागांत वैरण म्हणजे ज्वारीचा कडबा. ज्वारी न आली तर माणसाची भाकरी जाते आणि त्याच ताटाबरोबर जनावराचा घांसही जातो. दोघांचें दैव एकाच धाटाला बांधलेलें आहे. एका घोड्यास दिवसाला गवताचा मोठा भारा आणि वर दाणा लागतो. हत्तीला तर रोज कित्येक मण चारा हवा. सैन्य जितकें मोठें तितकें त्याचें भोंवतालचें रान लवकर उजाड होतें.

आझमखानानें इ. स. १६३१ च्या आरंभीं धारूर जिंकला. दऱ्यांनीं वेढलेला हा दुर्गम किल्ला हातीं आल्याचा आनंद एवढा झाला कीं, त्याचें नांव फत्तेहाबाद, म्हणजे विजयाचें नगर, असें ठेवण्यांत आलें. त्या विजयाच्या भरांत आझमखान दक्षिणेकडे वळला आणि त्यानें परांड्यास वेढा घातला. परांड्याचा किल्ला धारूरसारखा डोंगरावर नाहीं. तो सपाट मैदानांत आहे. तरीही आझमखानाला तो घेतां आला नाहीं. तोफा कमी पडल्या म्हणून नव्हे, शौर्य कमी पडलें म्हणूनही नव्हे. छावणीच्या भोंवतीं कोसचे कोस गवताची काडी मिळेना, म्हणून वेढा उठवून सैन्याला मागें फिरावें लागलें. दरीखोऱ्यांनीं जें रक्षण केलें नसतें तें रक्षण मोकळ्या, गवतहीन माळानें केलें. फत्तेहाबादच्या विजेत्याला परांड्यापुढें कडब्यानें हरविलें, असें म्हटलें तर त्यांत मुळींच अतिशयोक्ति होणार नाहीं.

येथें सहजच प्रश्न येतो कीं, मग एवढालीं सैन्यें चालत तरी कशीं? त्याचें उत्तर आमच्याच बालाघाटांतील तांड्यांवर मिळतें. बंजारा, ज्यांना आपण लमाण म्हणतों, ते लोक बैलांच्या पाठीवर गोणी लादून सर्व हिंदुस्थानभर धान्य व मीठ नेत असत. लवण वाहणारे म्हणून लमाण, अशी त्यांच्या नांवाची उपपत्ति पुष्कळजण सांगतात. गाड्यांना रस्ता लागतो. लादलेला बैल घाटांतून, ओढ्यांतून, कांट्यांतून वाट काढतो, आणि जेथें गवत असेल तेथें चरत चरत पुढें जातो. पीटर मंडी नांवाच्या इंग्रज व्यापाऱ्यास इ. स. १६३२ मध्यें उत्तर हिंदुस्थानांत असा एक तांडा भेटला. त्यांत चौदा हजार बैल होते, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. अँडीजमधला लामा पाऊण मणाच्या आंतबाहेर ओझें नेतो. त्याहून अधिक लादलें तर तो खालीं बसतो आणि उठत नाहीं, असें सांगतात. आपला बैल त्याच्या चौपट भार मुकाट्यानें वाहतो.

लमाणांच्या परंपरेंत एका ताम्रपटाची कथा आहे. शहाजहानाचा वजीर आसफखान दक्षिणेंत आला तेव्हां त्याच्या सैन्याला धान्य पुरविणाऱ्या भंगी व जंगी या दोन नायकांच्या तांड्यांत मिळून एक लक्ष ऐशी हजार बैल होते. इतक्या बैलांना चारापाणी मिळावें म्हणून नायकांनीं सवलत मागितली. तेव्हां वजिरानें त्यांना सोन्याच्या अक्षरांनीं हुकूम लिहून दिला. पाणी न मिळालें तर रांजणांतलें घ्यावें आणि गवत न मिळालें तर घराच्या छपरावरचें उपसून बैलांना घालावें, असा त्याचा भावार्थ. या कथेंतील बैलांची संख्या शब्दशः खरी मानण्याचें कारण नाहीं. जनावरांच्या बाबतींत आंकडे फार लवकर फुगतात. इ. स. २०२१ च्या अखेरीस आमच्याच माजलगांव तालुक्यांतील लऊळ गांवीं वानरें कुत्र्यांचीं पिलें उचलून उंचावर नेतात अशी वार्ता उठली. ती देशोदेशींच्या वृत्तपत्रांत पोहोंचेपर्यंत मेलेल्या पिलांची संख्या शेंकड्यांवर गेली. वनखात्यानें पकडलीं तीं वानरें मात्र दोन. पंधरा दिवसांत जर असें होतें तर चारशें वर्षांत काय होणार नाहीं? परंतु कथेचा गाभा संख्येंत नसतो. छपरावरच्या गवताचा उल्लेख मात्र खोटा वाटत नाहीं. ज्यानें दुष्काळ पाहिला आहे त्यालाच असली सवलत मागावीशी वाटेल. आणि ज्यांच्या घरांचीं छपरें उपसलीं गेलीं असतील त्यांनीं काय म्हटलें, हें कोणत्याही ताम्रपटावर लिहिलेलें नाहीं.

आज धारूरच्या किल्ल्यांत घोडदळ नाहीं कीं हत्ती नाहींत. जवळच अंबाजोगाईस हत्तीखाना म्हणून जीं शैव लेणीं आहेत त्यांच्या अंगणांत कातळांतून कोरलेले हत्ती तेवढे शतकानुशतकें ऊनपाऊस सोशीत उभे आहेत. त्यांना चारा लागत नाहीं म्हणूनच ते टिकले, असें मी विनोदानें मुलांना सांगत असें. धारूरच्या तटावर मात्र जिवंत रहिवासी पुष्कळ आहेत. सकाळीं लवकर गेलें तर बुरुजावर काळ्या तोंडाचीं वानरें उन्हाला पाठ देऊन बसलेलीं दिसतात. प्रवाशाच्या हातांतील पिशवीकडे त्यांचें बारीक लक्ष असतें. दरीच्या उतरणीवरून मोराची केका येते. तटाच्या भेगांत घोरपड उन्हें खात असते, पडक्या कमानींत पाकोळ्यांचीं घरटीं असतात, आणि झुडपांच्या बुडाशीं साळिंदराचा एखादा काळापांढरा कांटा सांपडतो. या सर्वांना तट बांधणाऱ्याचें नांव ठाऊक नाहीं. पण तळ्याला पाणी केव्हांपर्यंत राहतें तें त्यांना शिबंदीच्या किल्लेदाराइतकेंच अचूक ठाऊक आहे. पश्चिमेस पाटोदा तालुक्यांत, मांजरेच्या उगमाच्या बाजूस, नायगांव येथें इ. स. १९९४ मध्यें मोरांसाठीं अभयारण्य झालें. त्याचें क्षेत्र सुमारें तीस चौरस किलोमीटर आहे. अहमदनगर आणि विजापूर यांचीं सैन्यें ज्या माळरानांतून गेलीं तेथें आतां मोरांना राजाश्रय मिळाला, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्यानें लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

या रानांत पेरूकडच्या खंडाचा एक पाहुणाही आहे. पावसाळा सरतां सरतां बालाघाटाच्या उतरणीवर सीताफळें पिकतात. धारूरच्या डोंगरांतील सीताफळाची गोडी प्रसिद्ध आहे, आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालें आहे. सीतामाईनें वनवासांत हें फळ खाल्लें म्हणून त्याला हें नांव पडलें, अशी भोळी समजूत आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र सांगतात कीं, हें झाड मूळचें उष्ण अमेरिकेचें. पेरू, मिरची, भुईमूग, मका आणि बटाटा हींही तिकडचींच. दर्यावर्दी लोकांच्या गलबतांतून हीं बियाणीं आलीं, आणि आपल्या ओसाड किल्ल्यांवर, पडक्या गढ्यांवर सीताफळानें असें बस्तान बसविलें कीं तें परदेशीं आहे हें सांगूनही कोणाला पटत नाहीं. शेळी त्याच्या पाल्याला तोंड लावीत नाहीं, म्हणून तें चरण्यांतून वांचतें व खडकांतही वाढतें. इंका लोकांचें राज्य बुडालें. तिकडच्या खंडाचें फळ आमच्या धारूरच्या दरींत सीतेच्या नांवानें नांदत आहे.

असो. मूळ मुद्दा वैरणीचा. तो चारशें वर्षांपूर्वीं संपला असें कोणी समजूं नये. इ. स. १९७२ चा दुष्काळ माझ्या पिढीनें लहानपणीं पाहिला. इ. स. २०१९ च्या उन्हाळ्यांत बीड जिल्ह्यांत शेंकडों चाराछावण्या उघडाव्या लागल्या. शेतकरी आपल्या गाईबैलांसह तेथें महिनोन् महिने राहिले; घरीं म्हातारीं माणसें आणि छावणींत कर्ते पुरुष, अशी कुटुंबांची वांटणी झाली. त्यांपैकीं एका छावणींत मी गेलों होतों. एक वृद्ध शेतकरी आपल्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवीत बसला होता. मीं विचारलें, "बाबा, बैल विकून टाकला असता तर हा त्रास चुकला नसता काय?" तो म्हणाला, "मास्तर, पाऊस आला म्हंजी रान कुनाच्या जिवावर नांगरू?" एवढेंच तो बोलला. एकदां जोडी मोडली कीं शेतकरी मजूर होतो, आणि मजूर झाला कीं गांव सोडतो. हें सूत्र त्याला कोणीं शिकवावें लागलें नव्हतें. निजामशाही ज्या वर्षांत खिळखिळी झाली त्या वर्षांतही अशाच हजारों जोड्या मोडल्या असतील. अकबर-जहांगिराच्या काळापासून मोंगल दक्षिणेवर चाल करून येत होते, तरी ती शाही पुन्हां पुन्हां सांवरली. सन १६३० च्या दुष्काळांत मात्र तिच्या पायाखालची जमीनच सुकून गेली, आणि पुढें पांचसहा वर्षांतच, इ. स. १६३६ मध्यें, तिचा शेवट झाला. दरबारांतील खून व फितुरी यांचा हिशेब इतिहासांत आहेच. रिकाम्या गोठ्यांचा हिशेबही त्याच्या शेजारीं मांडला पाहिजे.

म्हणून माझी विनंती अशी आहे. सुटीच्या दिवसांत आपण मुलांना घेऊन किल्ले पाहावयास जातां; धारूरला गेलांत तर दरवाजा व बुरुज यांच्याइतकाच वेळ तळ्यांपाशीं घालवा. येथें किती पाणी सांठत असेल, त्यावर किती माणसें व किती घोडीं किती दिवस निभावतील, हें मुलांना काढावयास सांगा. त्या त्रैराशिकांत जितका इतिहास आहे तितका कित्येक पुस्तकांत नसतो. गांवांतून येतांना कडब्याची गंज दिसली तर तिच्याकडेही पाहा. वानरांना हातांतलें खाऊं घालूं नका. तीं आपल्या दाण्याची सोय आपण करूं शकतात, आणि एकदां माणसाच्या घांसाला चटावलीं कीं गांवाशीं त्यांचें वैर सुरू होतें. तटावर नांवें कोरूं नका. किश्वरखानानें एवढा किल्ला बांधला, आणि त्याचें नांव आज गांवांत फार थोड्यांना माहीत आहे. खडूनें लिहिलेलें आपलें नांव तेथें किती दिवस राहणार?

त्या मुलानें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर फेरिश्त्याच्या ग्रंथांत नाहीं. मुर्तझा निजामशहाच्या घोड्याला त्या दिवशीं कोणीतरी चंदी चारली, पाणी दाखविलें, खोगीर आंवळलें, आणि मगच तो राजा शपथ घेण्याजोगा झाला. तो मोतद्दार कोण होता, कोठला होता, कोणास ठाऊक नाहीं. परंतु बालाघाटाच्या माथ्यावर, जेथें आजही कडब्याच्या भावावर घराचा संसार तोलला जातो, तेथें त्याच्या जातीचीं माणसें आपणांस घरोघर भेटतील.